बायडाबाईचं साडेपाचचं काळीज

आमच्या कोडोलीत म्हशीला काय झालंय हे जनावरांच्या डॉक्टरच्या आधी बायडाबाईला कळतं, असं लोक म्हणतात. लोक एरवी वाटेल ते फेकतात, पण हे खरं आहे. मी पस्तीस वर्षं तिच्या शेजारी राहते. मी पद्मावती, शाळेतली निवृत्त मास्तरीण. गाव मला नुसतं 'बाई' म्हणतं. आम्हा जैनांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला माझ्या तव्यावर भाकरी असते आणि तिची चरवी म्हशीखाली. मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून आम्ही जेवढं भांडलो तेवढं आमच्या नवऱ्यांशीही भांडलो नसू, आणि ते दोघे आता तक्रार करायलाही उरले नाहीत.

कुणाची म्हैस वैरणीला तोंड लावेनाशी झाली की बायडाबाईला बोलावणं येतं. ती जाते, पदर खोचते, म्हशीच्या पुढच्या डाव्या पायामागे कान लावते आणि डोळे मिटून घेते. त्या वेळी गोठ्यात कुणी खोकला तरी त्याचं काही खरं नसतं. मग ती उठते आणि निकाल देते. हिला ताप आहे, हिचं पोट धरलंय, किंवा हिला काही झालेलं नाही, तुझीच बायको पेंडीचं आंबोण पातळ करते. शेवटचा निकाल ती मोठ्यानं देते, म्हणजे बायकोलाही ऐकू जातो.

बारा वर्षांपूर्वी तिची स्वतःची जमना आजारी पडली. जमना म्हणजे आख्ख्या गल्लीत नाव असलेली म्हैस. ती उतारावर पाय टाकेना, पुढचे पाय फाकून उभी राहायला लागली. मानेची शीर दोरीसारखी फुगली, गळ्याखालची पोळी सुजली. बायडाबाईनं कान लावला आणि लगेच काढून घेतला. आत काळजाचा ठोका नीट येतच नव्हता, भरल्या घागरीत कुणी हात हलवावा तसा आवाज येत होता. डॉक्टर म्हणाले, हिनं वैरणीतून तार गिळली आहे, ती पोटातून पुढे काळजाला टोचली, काळजाभोवती पाणी धरलं. आता यावर इलाज नाही. जमना चौथ्या दिवशी गेली. ते चारही दिवस बायडाबाई तिच्या शेजारी पाटावर बसून होती.

तेव्हापासून तिनं जुन्या स्पीकरमधला एक लोहचुंबक काठीला बांधला. ऊसतोडीच्या दिवसांत उसाच्या वाड्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या घरी आल्या की आधी त्यावरून ही काठी फिरायची, मगच वैरण म्हशींपुढं पडायची. खिळे, तारांचे तुकडे, एकदा तर कुणाच्या तरी जोडव्याचा तुकडा निघाला. तो काही चुंबकाला चिकटला नव्हता, पण बायडाबाईनं त्याचंही श्रेय काठीलाच दिलं.

आता मुख्य गोष्ट. यातलं बरंचसं मला मागाहून कळलं, पण तुम्हाला ताटकळत ठेवायला मला आवडत नाही, म्हणून आत्ताच सांगते.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, बायडाबाई लुगडं नेसत होती. सेफ्टी पिन दातात धरलेली. आपण सगळ्याच धरतो. तेवढ्यात गोठ्यातून ढगीनं हंबरडा फोडला. ढगी म्हणजे जमनाची नात, सध्याची लाडकी. बायडाबाईनं तिला तोंडभर शिवी हासडली, आणि शिवी संपल्यावर पाहिलं तर पिन दातात नव्हती. खाली शोधली, अंथरुणात शोधली, मिळाली नाही. ती ही गोष्ट कुणालाच बोलली नाही.

महिन्याभरात तिला दम लागायला लागला. पाय सुजले. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. एका सकाळी केस विंचरताना आरशात तिला आपल्या मानेची शीर दिसली, फुगलेली. मग दुसरं काही बघायची तिला गरजच उरली नाही. जमनाचं जे झालं तेच आपलं झालंय हे तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं. तार काळजाला लागली, पाणी धरलं, इलाज नाही. डॉक्टरकडे जाऊन तेच ऐकायचं, तर कशाला जायचं?

आणि तिनं आपल्या परीनं मरणाची तयारी सुरू केली. म्हणजे काय केलं? सुनेला धार काढायला शिकवायला घेतलं.

तिची सून क्रांती कळंब्याची. वडील तिथल्या तुरुंगात शिपाई, सारं बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. बी.कॉम. झालेली, स्वभावानं गोड पोरगी, पण लग्न होऊन आली तेव्हा म्हशीच्या शेपटीलाही घाबरायची. बायडाबाईचा मुलगा विश्वजित वारणानगरला साखर कारखान्यात, हंगामात तर त्याच्या पाळ्यांचा पत्ताच नसतो, त्यामुळे गोठा पूर्ण बायडाबाईचा. चार वर्षं तिनं सुनेला गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. तुजा हात गार हाय, ढगी पान्हा चोरंल, एवढं एकच कारण. पान्हा चोरायचा म्हणजे दूध वर ओढून धरायचं. ढगी खरंच तशी होती. बायडाबाई सोडून दुसऱ्या कुणाचा हात सडाला लागला की तिचं दूध आटल्यासारखं व्हायचं.

तीच बायडाबाई आता पहाटे सुनेला हाक मारून उठवत होती. हात आधी कोमट पाण्यात धर. कासेवर पाणी शिंपड. मूठ वरून खाली, ओढायचं न्हाय, दाबायचं. आणि धार काढताना कपाळ म्हशीच्या कुशीला टेकायचं, म्हणजे तिला कळतं की आपलं माणूस आहे. मी भिंतीवरून हे पाहत होते आणि मला वाटत होतं की म्हातारपणी का होईना, हिला अक्कल आली. क्रांती तर हरखून गेली होती. मला म्हणाली, "बाई, आत्तींनी मला आता आपली मानली बगा." आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात.

हरखलेली क्रांती आठ-दहा दिवसांनी डोळे सुजवून माझ्या स्वयंपाकघरात आली. सासूला पाणी देताना तिला बायडाबाईच्या चोळीच्या आत काळ्या कापडाची एक पुरचुंडी बांधलेली दिसली होती. तिच्या डोक्यात आलं की सासूनं आपल्यावर करणी करायला कुणाकडून तरी काहीतरी आणलंय. वर गोड बोलायचं आणि आतून गंडा बांधायचा. मी आयुष्यभर पोरांना गंडेदोऱ्यांविरुद्ध शिकवलंय, त्यामुळे माझं डोकं सटकलं. मी चप्पलसुद्धा न घालता भिंतीला वळसा घालून गेले.

बायडाबाई गोठ्याच्या खांबाला टेकून बसली होती, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. मी मोठ्यानं सुरुवात केली, लाज वाटत नाही का वगैरे. आणि बायडाबाई उलट बोलत नाही म्हटल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ काळसर. मानेची शीर बोटाएवढी. श्वास घेताना खांदे वर जात होते. इतके दिवस मी भिंतीवरून काय पाहत होते कुणास ठाऊक. मला स्वतःचाच राग आला.

तिनं पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली. आत तो स्पीकरचा लोहचुंबक होता.

"जमनाचं झालतं तेच माझं झालंय, बाई," ती म्हणाली. "पिन गिळली मी. चुंबकानं तिथंच धरून ठिवली, तर ढगी क्रांतीच्या हाताला लागंपतूर माझे दिस निघत्याल, म्हनून बांधला. तेवढंच व्हतं मनात."

दारात क्रांती उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती आली आणि सासूच्या पायाशी मटकन बसली, आणि मग मी विश्वजितला फोन लावला. तो पाळी अर्धी टाकून गाडी घेऊन आला.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात माझी भाची आदिती काम करते, माझ्या बहिणीची मुलगी. ती डॉक्टर नव्हे, यंत्रांची इंजिनिअर. तिच्या ओळखीनं हृदयाचे डॉक्टर राजवर्धन यांनी लगेच आत घेतलं. छातीची सोनोग्राफी झाली, तिला ते इको म्हणतात. पडद्यावर काळीज दिसत होतं आणि त्याच्या भोवती रुंद काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे पाणी. पाण्यानं काळजाला असं आवळलं होतं की त्याला धड फुलताही येत नव्हतं. डॉक्टरांनी तासाच्या आत सुई घालून पाणी काढलं. पाऊण लिटरच्या आसपास निघालं. बायडाबाईनं त्या बाटलीकडे बघून विचारलं, दोन्ही वेळचं मिळून का? तिला सगळं दुधाच्याच मापात कळतं.

मग तिनं डॉक्टरांना पिन कुठे आहे ते विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी जमनापासून पाडव्यापर्यंतची कहाणी सांगितली. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं, ते हसले नाहीत. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून तिला फासळी न् फासळी दाखवली. पिन कुठेच नव्हती. (ती पुढे गादीच्या शिवणीत सापडली, पण ते असो.) दोन दिवसांनी तपासण्या आल्या. काळजाच्या वेष्टणाला क्षय झाला होता, टीबी.

विश्वजितचा चेहरा उतरला. क्रांतीनं तोंडाला पदर लावला. बायडाबाईनं मात्र विचारलं, "टीबीला औशद हाय न्हवं?" डॉक्टर म्हणाले, आहे, सहा महिने गोळ्या एकही न चुकवता, आणि हा प्रकार खोकल्यातून पसरणारा नाही. तेव्हा ती अशी हसली की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं वळून पाहिलं. टीबी झाला म्हणून हसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण एक धोका होता. गोळ्या लागू पडेपर्यंत पहिले काही आठवडे पाणी पुन्हा भरू शकतं, आणि भरताना माणसाला ते लगेच कळतही नाही. दर दोन दिवसांनी कोडोलीहून कोल्हापूरला येऊन इको करायचा म्हणजे त्या प्रवासानंच बाई अर्धी झाली असती. तेव्हा आदितीनं एक पट्टी काढली.

मारी बिस्किटाहून थोडी मोठी, साबणाच्या वडीच्या पातळ कापासारखी मऊ पट्टी. छातीवर डावीकडे, फासळ्यांच्या मधल्या जागेवर चिकटवायची, खाली गार जेलचा थर. एक बारीक वायर कमरेच्या डबीला. सोनोग्राफीचं यंत्र माणसावर दाबून धरायला तंत्रज्ञ लागतो. ही पट्टी आपली आपणच दर दहा मिनिटांनी काळजाचं चित्र काढते आणि मोबाइलवरून दवाखान्यात धाडते. माणूस चालो, बसो, जेवो. ही गोष्ट अजून अभ्यासातली होती, दवाखान्यात मोजक्या पेशंटांवर वापरून बघत होते, म्हणून कागदांवर सह्या झाल्या. बायडाबाईनं अंगठा न उठवता सही केली. ती सही मी तिला शिकवलेली आहे, हे इथे नमूद करते.

तिनं पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मला हळूच म्हणाली, म्हंजे माज्या चुंबकासारखंच की. मी म्हटलं, नाही, हा तुझ्या कानासारखा आहे. म्हशीला तू कान लावतेस ना, तसा हा दिवसभर लावलेला कान. हे तिला पटलं. त्यानंतर तिनं त्या पट्टीबद्दल एकही शंका काढली नाही, फक्त ती अंगावर असताना शिव्या द्यायची बंद झाली. आत ऐकू जाईल असं तिला वाटायचं.

घरी आल्यावर तिला गोठा बंद. वाकायचं नाही, उचलायचं नाही, धार तर नाहीच. क्रांती पट्टी बदलायला, डबी चार्जिंगला लावायला पटकन शिकली. ढगी मात्र शिकेना. क्रांतीनं सगळं सासूनं सांगितलं तसं केलं तरी ढगी पान्हा चोरायची, पाय झाडायची, एकदा चरवी पार माझ्या भिंतीपर्यंत उडाली.

दोन आठवड्यांनी आदितीचा मला फोन आला. ती बुचकळ्यात पडली होती. बायडाबाईच्या काळजाचे ठोके दिवसभर शंभराच्या पुढे असतात, पण रोज सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला ते ऐंशीपर्यंत खाली येतात. आणि त्याच वेळी काळजाचं चित्र सगळ्यात स्वच्छ येतं. वीस मिनिटं. मग पुन्हा शंभर. "मावशी, त्या वेळी त्या काय करतात?"

मला काय ते लगेच कळलं, पण मी काही बोलले नाही. मास्तरकीत एक गोष्ट शिकले, चोर आपण होऊन बोलला तर बरं. शनिवारी तपासणीला गेलो तेव्हा आदितीनं तिलाच विचारलं. बायडाबाई म्हणाली, देवाजवळ बसते. आदितीनं पट्टी काढली, भिंगाखाली धरली आणि तिच्या चिकट कडेला लागलेला एक काळा, राठ केस चिमटीत धरून वर केला. देवाच्या अंगावर असे केस नसतात, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

तेव्हा सासू-सून दोघी कबूल झाल्या. क्रांती धार काढायला बसली की बायडाबाई म्हशीच्या दुसऱ्या बाजूला पाट टाकून बसायची आणि कपाळ ढगीच्या कुशीला टेकायची. हात लावायची नाही, नुसती टेकायची. तेवढ्यानं ढगी पान्हा सोडायची. क्रांतीनं मान खाली घालून सांगितलं, डॉक्टरांना कळलं तर आत्तींना ओरडतील म्हणून बोलले नाही.

डॉक्टर राजवर्धन ओरडले नाहीत. त्यांनी बायडाबाईला तसंच बसून दाखवायला सांगितलं. ती टेबलाच्या कडेला कपाळ टेकून पुढे वाकून बसली. ते म्हणाले, काळजाभोवती पाणी असलं की माणसाला पुढे वाकूनच बरं वाटतं, काळीज छातीच्या पुढच्या भिंतीजवळ येतं म्हणून चित्रही छान निघतं. पण बाकीच्या पेशंटांना मी असंच बसवतो, त्यांचे ठोके एवढे खाली येत नाहीत. मग त्यांनी कागदावर खरंच लिहिलं, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं म्हशीला टेकून बसण्यास हरकत नाही. तो कागद बायडाबाईनं देव्हाऱ्यात ठेवलाय.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटायला लागलं आणि फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. रात्रीतून काळा पट्टा दुप्पट झाला होता. लगेच निघा. बायडाबाई तर गोठ्यात टेकून बसलेली, तिला काहीच होत नव्हतं, उलट बरं वाटत होतं. ती उठेना. म्हणाली, मला त्रास न्हाय तर कशापायी जाऊ, आणि ढगीचं काय? दोन दिवस पान्हा तुंबला तर कास खराब हुईल. विश्वजित गाडी सुरू करून हॉर्न मारत होता. मी तिला जमनाची शपथ घातली, ओरडले, काही उपयोग नाही. खरं सांगते, मला त्या क्षणी वाटलं की ही आता म्हशीपायी जाणार.

क्रांती आत आली. तिनं सासूचा दंड धरला.

"आत्ती, तुमी मरायचं म्हनून मला शिकवलंसा," ती म्हणाली. "आता जगायचं म्हनून माज्यावर सोडा. ढगीचं मी बगते."

बायडाबाईनं ढगीच्या पाठीवर एकदा हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ काळे पडले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

या वेळी पाणी काढून एक बारीक नळी काही दिवस आत ठेवावी लागली. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. मी बहिणीकडे मुक्काम करून रोज तिच्याजवळ जायचे. ती औषधाचं विचारायची नाही, ढगीनं किती दिलं ते विचारायची. क्रांती रोज फोनवर सांगायची, दिलं हो, दिलं. किती, ते सांगायची नाही. बायडाबाई फोन ठेवून म्हणायची, खोटं बोलत्या. न्हाय दिलं ढगीनं.

नळी निघाली, पट्टी पुन्हा लागली, पडद्यावर काळा पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला. दहाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही कोडोलीला आलो. बायडाबाई दमून झोपली. किती महिन्यांनी ती आडवी होऊन झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आतच गोठ्यात दिवा लागलेला. मी नेहमीप्रमाणे दुधाचं भांडं घेऊन भिंतीपाशी उभी. चरवीत धारांचा आवाज येत होता, आधी टणटण, मग भरत जाईल तसा जड. ढगी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती आणि क्रांतीचं कपाळ तिच्या कुशीला टेकलेलं. ढगीनं पान्हा सोडला होता. त्या नऊ दिवसांत कधीतरी ती क्रांतीची झाली होती.

बायडाबाई गोठ्याच्या दारात येऊन थबकली. मी तिचा चेहरा बघत होते. बाईनं हेच तर मागितलं होतं, छातीला चुंबक बांधून हेच मागितलं होतं. आणि ते समोर होतं तर तिचा चेहरा असा झाला की मला भिंतीपलीकडे जाऊन तिला धरावंसं वाटलं. आयुष्यभर जिथं तिच्यावाचून अडायचं, तिथं आता अडत नव्हतं. ती परत वळायला लागली.

क्रांतीनं धार न थांबवता, मागे न बघता हाक दिली. "आत्ती, दारात का उभ्या हायसा? पाट मांडलाय की."

म्हशीच्या पलीकडे, नेहमीच्या जागी, बायडाबाईचा पाट होता. धुऊन पुसून ठेवलेला, वर पोत्याची घडी. क्रांतीनं मला मागाहून सांगितलं, ढगी पहिले तीन दिवस पान्हा चोरत होती, चौथ्या दिवशी सोडला. पण पाट तिनं नऊही दिवस दोन्ही वेळेला मांडला होता. ढगीसाठी नव्हे. आत्तींची जागा हाय ती, म्हणाली.

बायडाबाई जाऊन पाटावर बसली आणि तिनं कपाळ टेकलं. मधे म्हैस, दोन बाजूंना दोघी. मी दूध न मागताच घरात आले.

साडेसातला आदितीचा फोन आला, आवाजात काळजी. आज साडेपाचला ठोके खाली आलेच नाहीत, मावशी, उलट एकशे अठरापर्यंत गेले, वीसच्या वीस मिनिटं. मी घाबरून विचारलं, पाणी भरलं का? ती म्हणाली, नाही, पाण्याचा टिपूस नाही, काळीज एकदम मोकळं आहे. पण डॉक्टरांच्या तक्त्यात रोजच्यापेक्षा वेगळं काही दिसलं की कारण लिहावं लागतं. काय लिहू?

मी तिला म्हटलं, लिही, सुनेनं पाट मांडून ठेवला होता.

तिनं तसंच लिहिलं.